गाडीतला नकाशा अपडेट करायचा की नाही : पैसे भरण्याआधी आणि भरल्यानंतर काय तपासायचं

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी आणायला गेलं की काउंटरवर हमखास विचारतात, "सर, मॅप अपडेट करून देऊ का?" आपण घाईत असतो. कुणी "करा" म्हणून मोकळं होतं, कुणी "काही नको" म्हणून बिल भरतं. गाडीची स्क्रीन उघडून नक्की काय जुनं झालंय ते दोघांनीही पाहिलेलं नसतं.

माझंही असंच झालं. पुण्यात कर्वे रस्त्यावर मार्ग सुरू केला की नळ स्टॉपपर्यंत स्क्रीन गोठलेली असायची. सर्व्हिस सेंटरने नवा नकाशा टाकायला सांगितला. मी पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीन त्याच जागी अडकली. दोष सिस्टीमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ते अपडेट फुकट मिळत होतं. त्यानंतर सोसायटीतल्या चार-पाच गाड्यांचं हे काम मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलं आणि प्रत्येक वेळी घोळ त्याच दोन ठिकाणी झाला. एक तर दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, नाहीतर तयारी न करता सुरुवात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. आधी तक्रार कागदावर लिहा

गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये तीन वेगळे भाग असतात. पहिला नकाशाचा डेटा : रस्ते, पूल, एकेरी वाहतूक, पत्ते. दुसरा सिस्टीम सॉफ्टवेअर, जे स्क्रीन, ब्लूटूथ, आवाज आणि मार्ग काढणं हे सगळं चालवतं. तिसरा उपग्रहांचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि त्याची अँटेना. "अपडेट करा" असं नुसतं म्हटलं, तर समोरचा यातला कुठलाही भाग धरू शकतो, आणि बहुतेक वेळा जो विकत मिळतो तोच धरतो.

आठवडाभर गाडी चालवा आणि जे खटकेल ते घरी आल्यावर लिहून ठेवा. त्यावरून निदान करता येतं.

नवा पूल दिसत नाही, पाडलेला पूल अजून दिसतो, रस्त्यावरून जात असताना बाण मोकळ्या रानातून चालल्यासारखा वाटतो : नकाशा जुना आहे.

स्क्रीन अडकते, आवाज मध्येच बंद पडतो, फोन जोडला की तुटतो, पत्ता टाइप केला की अर्धा मिनिट काहीच होत नाही : सिस्टीम सॉफ्टवेअर बघा. नवा नकाशा टाकून यातलं काहीही सुधारणार नाही.

वर्षानुवर्षं न बदललेल्या मोकळ्या रस्त्यावरही बाण सतत शेजारच्या गल्लीत असतो : सिग्नल नीट मिळत नाहीत. अँटेनाची तार, काचेवरची धातूमिश्रित फिल्म आणि नंतर चिकटवलेला डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा) आधी तपासा. डॅशकॅमचा प्लग काढून एक फेरी मारली की बऱ्याचदा उलगडा होतो.

डॅशबोर्डवर चिकटवायचं जुनं उपकरण असेल आणि तारीखच जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवत असेल, तर कारण ठरलेलं आहे. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की मोजणी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी तसं झालं. त्यानंतर ज्या जुन्या उपकरणांत फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदललं गेलं नाही, त्यांतली काही तारीख आणि पोचण्याची वेळ चुकवतात. इथे कंपनीचं फर्मवेअर मिळालं तर ठीक. मिळत नसेल, तर त्या उपकरणाच्या नकाशावर पैसे घालू नका.

ट्रॅफिक दिसत नाही ही तक्रार यात धरू नका. त्यासाठी गाडीला इंटरनेट लागतं, बहुधा वर्गणीही लागते.

सावधान : सिंहगड रस्त्यावर तुम्ही पुलाखालून जाताय आणि गाडी समजते की पुलावरून जाताय, हा दोष नकाशाच्या जुनेपणाचा नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची अचूकता साधारण ५ मीटर असते, उंचीच्या बाबतीत चूक त्याहून जास्त असते. पूल आणि त्याखालचा रस्ता एकावर एक असले की कुठलंही नेव्हिगेशन गोंधळू शकतं. नवीन नकाशा आणलात तरी ही कटकट काही प्रमाणात राहील. वारज्याच्या बाजूला हायवे आणि सर्व्हिस रोड शेजारी शेजारी धावतात, तिथेही हेच.

२. आवृत्ती शोधून फोटो काढा

सेटिंगमध्ये "अबाउट", "सिस्टीम इन्फो" किंवा नेव्हिगेशनच्या मेनूत "मॅप व्हर्जन" असं काहीतरी असतं. दोन वेगळे आकडे सापडायला हवेत, एक नकाशाचा आणि एक सॉफ्टवेअरचा. एकच सापडला तर शोध अर्धवट आहे. दोन्हींचा फोटो काढा. शेजारी गाडीचा चॅसिस नंबरही लिहून ठेवा, कारण अपडेट बहुतेक त्यावरूनच मिळतं.

नकाशाच्या आकड्यात बऱ्याचदा वर्ष आणि तिमाही लपलेली असते. पण ते वर्ष नकाशा बाजारात आणल्याचं असतं. आतली माहिती त्याच्या काही महिने आधीच गोठवलेली असते. "या वर्षीचा नकाशा" म्हणजे या वर्षीचे रस्ते, असं समजू नका.

वॉरंटीचं पुस्तकही याच वेळी काढा. काही कंपन्या गाडी घेतल्यापासून ठरावीक वर्षं नकाशा फुकट देतात आणि बऱ्याच मालकांना ते ठाऊकच नसतं.

३. पुण्याच्या पाच जागांवर परीक्षा घ्या

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि यासाठी गाडी हलवायची गरज नाही. पार्किंगमध्ये बसा, नकाशा बोटाने सरकवत त्या जागी जा, मोठा करून पाहा आणि मग मार्ग मागा.

चांदणी चौक. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर पाडला आणि नव्या पुलांचं लोकार्पण १२ ऑगस्ट २०२३ रोजी झालं. कोथरूडहून बावधन, वारज्याहून मुळशी, मुळशीहून मुंबईकडे असे तीन मार्ग वेगवेगळे मागा. तिन्ही मार्ग वेगवेगळ्या रॅम्पवरून गेले पाहिजेत. तिन्ही एकाच चौकातून सरळ नेत असतील, तर तुमचा नकाशा पाडलेल्या पुलाच्या काळातला आहे. इथे चुकीच्या रॅम्पवर शिरलात की परत यायला मोठा वळसा पडतो, म्हणून ही पहिली परीक्षा.

विद्यापीठ चौक. इथले जुने उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडले. नव्या दुमजली पुलाचा औंधकडून शिवाजीनगरकडे येणारा भाग २०२५ मध्ये सुरू झाला. स्क्रीनवर जुने पूल दिसले तर नकाशा फारच जुना. काहीच पूल नसेल तर मधल्या वर्षांतला. नवा दिसला तर ताजा.

सिंहगड रस्ता. राजाराम पुलाजवळचा उड्डाणपूल २०२४ मध्ये, पुढचे टप्पे २०२५ मध्ये खुले झाले. यातले किती दिसतात ते मोजा. नकाशाचं वय ओळखायला ही जागा फार उपयोगी आहे, कारण टप्पे एकामागून एक आले.

मध्यवर्ती एकेरी रस्ते. स्वारगेटहून मंडईकडे मार्ग मागितला तर बाजीराव रस्ता आणि शनिवारवाड्याहून स्वारगेटला मागितला तर शिवाजी रस्ता यायला हवा. डेक्कनहून शिवाजीनगरकडे फर्ग्युसन रस्ता, उलट येताना जंगली महाराज रस्ता. हे जुने नियम आहेत. यात चूक निघाली तर नकाशा जुना नसून मुळातच कच्चा आहे, आणि त्याच कंपनीची पुढची आवृत्ती घेऊन फार फरक पडेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही. पहिल्या तीन जागा वय दाखवतात, ही जागा दर्जा दाखवते. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि तिथेच पैसे जातात.

तुमची रोजची जागा. ऑफिस, मुलांची शाळा, आई-वडिलांचं घर. वाघोली, उंड्री, मोशी, बालेवाडी अशा वाढत्या भागात सोसायटीचं गेट एका रस्त्यावर असतं आणि नकाशा मागच्या भिंतीशी नेऊन सोडतो. एवढीच चूक असेल तर अपडेटची गरज नाही. गेटसमोर गाडी उभी करून ती जागा "घर" म्हणून साठवा, काम झालं.

निकाल असा लावा : पहिल्या तीनपैकी दोन जागा चुकल्या आणि चौथी बरोबर आली, तर नकाशा बदलण्यात अर्थ आहे. चौथी चुकली तर थेट पाचव्या टप्प्यावर जा.

४. नव्या आवृत्तीत तुमचा पूल आहे का, ते आधी पाहा

पैसे भरण्याआधी कोणती आवृत्ती टाकणार ते लेखी मागा. व्हॉट्सॲपवर आकडा आला तरी चालेल. "लेटेस्ट टाकतो" हे उत्तर घेऊ नका.

मग शोरूममध्ये जा. तिथे त्याच कंपनीची डेमो गाडी उभी असते. विक्रेत्याला सांगून तिच्या स्क्रीनवर मॅप व्हर्जन बघा आणि चांदणी चौक उघडा. माझ्या शेजारच्या काकांबरोबर मी हे केलं. नव्या कोऱ्या गाडीत, प्लॅस्टिक न काढलेल्या सीटवर बसून आम्ही सिंहगड रस्त्यावर राजाराम पुलापासून पुढे बोट सरकवत गेलो. राजाराम पुलाजवळचा पूल होता, पुढचे नव्हते. काकांचं रोजचं जाणं-येणं धायरीचं. "मग मी कशाचे पैसे देऊ?" एवढंच म्हणून ते उठले. त्यांचा निर्णय दहा मिनिटांत झाला आणि अगदी योग्य झाला.

तपासा : डेमो गाडीची आवृत्ती आणि तुम्हाला सांगितलेली आवृत्ती एकच आहे ना? स्क्रीनचं मॉडेल वेगळं असेल तर ही तुलना चालत नाही.

५. या नकाशाची तुम्हाला गरज आहे का

स्क्रीनला अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवायची सोय) असेल आणि गाडी बहुतेक पुणे-पिंपरीतच फिरत असेल, तर गाडीच्या नकाशावर पैसे खर्च करू नका. गुगल मॅप्स किंवा मॅपल्स फोनवर फुकट आहेत, आपोआप ताजे होतात आणि ट्रॅफिक दाखवतात. मला यात दुसरी बाजू दिसत नाही.

गाडीतला नकाशा कुठे कामाला येतो तेही सांगतो. ताम्हिणीत, वरंधा घाटाच्या रस्त्यावर, मुळशीच्या पलीकडे नेटवर्क जातं. तिथे फोनवर आधी ठरवलेला मार्ग चालू राहतो, पण वळण चुकलात आणि इंटरनेट नसलं की फोन अडून बसू शकतो. गाडीतला नकाशा पूर्ण आतच साठवलेला असतो. शिवाय कंपनीने बसवलेल्या बऱ्याच नेव्हिगेशनमध्ये चाकांचा वेग आणि वळणाचे सेन्सर जोडलेले असतात, त्यामुळे कात्रजच्या नव्या बोगद्यात किंवा एक्सप्रेसवेच्या बोगद्यांत बाण पुढे सरकत राहतो. एप्रिलच्या उन्हात काचेजवळ लावलेला फोन तापून बंद पडतो, ती अडचणही इथे नाही.

महिन्यातून एकदा तरी कोकणात उतरत असाल, तर दोन-तीन वर्षांतून एकदा नकाशा विकत घेणं मला पटतं. वर्षातून एकदाच जात असाल, तर निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. उतरवलेला ऑफलाइन नकाशा कायमचा नसतो, मुदत संपली की तो निरुपयोगी होतो. त्यामुळे मागच्या गणपतीत उतरवला होता म्हणून या वेळी निश्चिंत राहू नका.

फोन वापरणार असाल तर तो होल्डरमध्ये लावा आणि मार्ग गाडी उभी असतानाच टाका. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने.

सावधान : भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंद होतो. गाडीत साठवलेल्या नकाशाला ते कळत नाही, आवृत्ती कितीही नवी असली तरी. पावसाळ्यात त्या बाजूने मार्ग आला तर धरणातल्या विसर्गाची बातमी पाहून मगच वळा.

६. तयारी : निम्मं काम इथेच

निर्णय "करायचं" असा झाला, तर अपडेटचा दिवस प्रवासाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. बिघडलं तर दुरुस्तीला चार दिवस हाताशी हवेत.

साठवलेली ठिकाणं कागदावर उतरवा किंवा एकेक स्क्रीनचा फोटो काढा. काही सिस्टीम अपडेटनंतर यादी पुसून टाकतात. काकांच्या गाडीत गावाकडच्या शेताची जागा साठवलेली होती, तिला पत्ताच नाही. त्यांनी नकाशा घेतला नाही, पण सिस्टीम सॉफ्टवेअर बदललं. त्याआधी फोटो काढला होता, त्यातल्या अक्षांश-रेखांशावरून ती परत टाकता आली.

नकाशा एसडी कार्डवर असेल तर मूळ कार्डला फॉरमॅट करू नका आणि बाजारात कमी पैशात मिळणारं "कॉपी कार्ड" घेऊ नका. अनेक गाड्यांमध्ये कार्ड त्या गाडीशी किंवा स्वतःच्या अंतर्गत क्रमांकाशी बांधलेलं असतं. नुसत्या फाइल्स दुसऱ्या कार्डवर टाकल्या की स्क्रीन ते नाकारते.

पेनड्राइव्हने करणार असाल तर कंपनीने सांगितलेल्या फॉरमॅटमध्येच तो तयार करा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. कॉपी अर्ध्यावर थांबते आणि लोक पेनड्राइव्हला दोष देत बसतात. फाइल काही जीबींची असते, म्हणून घरच्या वायफायवर उतरवा आणि कॉपी संपल्यावर "सेफली रिमूव्ह" करूनच काढा.

जागा मोकळी निवडा. बहुतेक गाड्यांत अपडेट चालू असताना इंजिन चालू ठेवायला सांगतात. बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. मोकळ्या मैदानात किंवा सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गाडी लावा.

७. अपडेट : क्रम आणि संयम

सॉफ्टवेअर आणि नकाशा दोन्ही करायचे असतील तर सहसा आधी सॉफ्टवेअर, मग नकाशा. नवा नकाशा जुन्या सॉफ्टवेअरवर चालेलच असं नसतं. कंपनीच्या सूचनेत वेगळा क्रम असेल तर तो पाळा.

हँडब्रेक ओढा. इंजिन चालू करा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल तर ती बंद करा. हेडलाइट, एसी, सीटचा पंखा बंद. फोन काढून ठेवा. मग पेनड्राइव्ह लावा आणि स्क्रीन सांगेल तेवढंच दाबा.

आता सगळ्यात मोठी चूक. पट्टी ६० टक्क्यांपर्यंत भरभर जाते आणि थांबते. काकांच्या गाडीचं सॉफ्टवेअर बदलताना ती थांबली तेव्हा त्यांचा हात चावीकडे गेला.

"अडकलंय रे हे. बंद करून परत करू."

"काका, थांबा. चावीला हात लावू नका."

अकरा मिनिटं काहीही हललं नाही. मग पट्टी एकदम ८० च्या पुढे गेली, स्क्रीन काळी झाली, कंपनीचं चिन्ह दोनदा येऊन गेलं आणि नकाशा उघडला. त्या अकरा मिनिटांत चावी फिरवली असती, तर स्क्रीन पुन्हा सुरूच न होण्याचा धोका होता, आणि मग ती उघडून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागली असती. सूचनेत जितका वेळ लिहिला असेल त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवूनच बसा.

तपासा : "पूर्ण झालं" असा संदेश वाचल्याशिवाय पेनड्राइव्ह काढू नका. काही गाड्यांत पहिला भाग संपल्यावर स्क्रीन एकदा बंद होऊन पुन्हा चालू होते आणि दुसरा भाग त्यानंतर सुरू होतो.

८. झाल्यावर लगेच

गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. आवृत्तीचे दोन्ही आकडे पाहा आणि आधीच्या फोटोशी ताडा. नकाशाचा बदलला आणि सॉफ्टवेअरचा तसाच राहिला, असं होतं. दोन्हींचे पैसे दिले असतील तर तिथेच विचारा.

मोकळ्या आकाशाखाली दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा. उपग्रह नव्याने शोधायला वेळ लागतो, आणि नेमका याच वेळी बाण भलतीकडे दिसला की लोक घाबरतात.

मार्गाच्या आवडीनिवडी उघडा. "टोल टाळा", "कच्चे रस्ते टाळा", भाषा, आवाज हे सगळं मूळ स्थितीला गेलेलं असू शकतं. कच्चे रस्ते टाळायची खूण नसेल तर भोर-वेल्ह्याच्या बाजूला गाडी तुम्हाला शेताच्या बांधावर नेऊन उभी करेल.

मग तीच पाच ठिकाणं, त्याच क्रमाने. एखादा पूल अजूनही नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर नकाशातली चूक कळवायची सोय असते, तिथे जागा आणि फोटो टाका. फोनच्या नकाशातही तसं करता येतं आणि तिथे दुरुस्ती सहसा लवकर दिसते.

काम सर्व्हिस सेंटरने केलं असेल, तर हे सगळं घरी आल्यावर करू नका. गाडी ताब्यात घेताना, बिलावर सही करण्याआधी, ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आवृत्तीचा फोटो काढा आणि त्यांच्या माणसासमोरच चांदणी चौक उघडा.